शंका-समाधान : परीक्षेच्या रात्रीची उसनी गोळी

अभ्यासात लक्ष लागावं म्हणून मित्रमैत्रिणींकडून उसनी घेतलेल्या गोळीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गोळी म्हणजे इथे मुख्यतः मेथिलफेनिडेट आणि अँफेटामीन या गटांतली उत्तेजक औषधं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकारासाठी, तसंच नार्कोलेप्सी या झोपेच्या आजारासाठी डॉक्टर ती लिहून देतात. पत्र पाठवणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गमित्राने त्याची गोळी दिली. दहाला एक घेतली, दोनला आणखी एक. पहाटेपर्यंत जागचा हललो नाही. सगळं डोक्यात बसतंय असं वाटत होतं. पेपरात मात्र सोपे प्रश्नही आठवेनात. मग गोळीने काम केलं की नाही?

उत्तर : केलं, पण तुम्हाला हवं होतं ते नाही.

चेतापेशी डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलीन ही रसायनं सोडतात आणि वापर झाला की परत आत ओढून घेतात. मेथिलफेनिडेट ही परतीची वाट अडवतं. अँफेटामीन वाट तर अडवतंच, वर पेशीतला साठाही बाहेर ढकलतं. त्यामुळे जाग राहते, कंटाळा येत नाही आणि हातातलं काम फार महत्त्वाचं वाटू लागतं. काम महत्त्वाचं वाटलं म्हणजे ते समजलं किंवा लक्षात राहिलं असं नाही. म्हणूनच गोळीच्या रात्री अनेकांच्या हातून तीनच पानांच्या सुबक नोट्स निघतात, चार रंगांत अधोरेखित केलेल्या, आणि बाकीचा धडा तसाच राहतो.

आता तुमच्या रात्रीचा हिशेब मांडू. तुम्ही वर्णन केलेली गोळी साध्या, लवकर उतरणाऱ्या मेथिलफेनिडेटची असावी. तिचा असर साधारण तीन-चार तास टिकतो. दहाची गोळी दोनला उतरली, तुम्ही दुसरी घेतली, ती सहाच्या सुमारास उतरली. पेपरला बसलात तेव्हा औषध संपलेलं, झोप शून्य आणि उतरताना येणारी मरगळ पुरेपूर. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत चालतं, विशेषतः गाढ झोपेत. ती झोपच तुम्ही गोळी घेऊन रद्द केली.

‘डोक्यात बसतंय असं वाटत होतं’ हे तुमचं वाक्य मोलाचं आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 46 निरोगी तरुणांना कधी 20 मिलिग्रॅम अँफेटामीन क्षारांचं मिश्रण, तर कधी औषध नसलेली गोळी दिली गेली. औषधाच्या दिवशी आपली कामगिरी सुधारली असं त्यांना वाटलं. चाचण्यांच्या निकालांत या वाटण्याला आधार मिळाला नाही. 2023 साली ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये आलेला दुसरा प्रयोग आणखी बोलका आहे. एडीएचडी नसलेल्या 40 जणांना पिशवी भरण्याचं कोडं दिलं : वजनाची मर्यादा पाळायची आणि जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू निवडायच्या. मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोअँफेटामीन किंवा मोडॅफिनिल घेतलेल्या दिवशी त्यांनी जास्त वेळ घालवला, जास्त वेळा वस्तू आत-बाहेर केल्या, आणि निवडीचा दर्जा घसरला. एरवी सरासरीहून चांगली कामगिरी करणारे औषधावर सरासरीच्या खाली जाण्याकडे झुकले. हुशार मुलांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

प्रश्न : माझा रूममेट हीच गोळी दोन वर्षं रोज घेतो. त्याला काही होत नाही. मग मी महिन्यातून एकदा घेतली तर बिघडलं कुठे?

उत्तर : रूममेटच्या पाकिटावर आज 54 मिलिग्रॅम असा आकडा असेल, तर तो पहिल्या दिवसापासून तिथे नव्हता. दिवसभर चालणाऱ्या मेथिलफेनिडेटची सुरुवात बहुधा 18 मिलिग्रॅमने होते. मग आठवड्याच्या अंतराने, नाडी आणि रक्तदाब बघत, झोप-भूक विचारत एकेक पायरी चढवली जाते. त्याआधी दोन प्रश्न झालेले असतात : हृदयाचा काही आजार आहे का, आणि घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे का? गरज वाटली तर ईसीजी निघतो. तुम्ही ही शिडी न चढता एकदम वरच्या पायरीवर उडी मारता. नेमाने घेणाऱ्यांत नाडी सरासरी तीन ते सहा ठोक्यांनी आणि रक्तदाब दोन ते चार अंकांनी वाढतो. पण ही सरासरी आहे, काहींत वाढ बरीच जास्त असते. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार किंवा ठोक्यांच्या विद्युतलयीतला जन्मजात दोष असेल, तर अशा तरुणाला पहिली खूण जिममध्ये कोसळल्यावरच कळू शकते.

दुसरी अडचण गोळीच्या बांधणीत आहे. बारा तासांच्या एका प्रकारात वरच्या लेपात थोडं औषध असतं, ते लगेच सुटतं. उरलेलं कवचाच्या बारीक छिद्रातून हळूहळू बाहेर पडतं आणि रक्तातली पातळी सहा ते दहा तासांनी शिगेला पोहोचते. उसनी घेणाऱ्याला हे माहीत नसतं. तासाभरात ‘काही वाटत नाही’ म्हणून तो दुसरी घेतो आणि संध्याकाळी दोन्ही शिगा एकमेकींवर चढतात. लिस्डेक्सअँफेटामीनचंही तसंच आहे : ते गिळल्यावर निष्क्रिय असतं, तांबड्या रक्तपेशींत त्याचं अँफेटामीन होतं आणि त्याची पातळी शिगेला जायला साडेतीन-चार तास लागतात. सकाळची गोळी दुपारी घेतली तर रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

दीर्घ परिणामाची गोळी ‘अर्धी अर्धी’ वाटून घेणं तर सर्वांत वाईट. तोडली, चावली किंवा कुटली की दिवसभर थेंबथेंब सुटायचं औषध एकदम सुटतं. पूड नाकाने ओढणाऱ्यांच्या नाकाचा मधला पडदा झिजतो. औषध मेंदूत झपाट्याने पोहोचतं आणि ज्या वेगाने ते पोहोचतं त्याच वेगाने सवय लागते. गोळीत भराव म्हणून टाल्कसारखे न विरघळणारे पदार्थ असतात. टोचून घेतल्यास ते फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

प्रश्न : गोळीसोबत कॉफी, एनर्जी ड्रिंक किंवा पार्टीत थोडी दारू चालते का?

उत्तर : उसन्या गोळीसोबत काय चालतं याची यादी आम्ही देणार नाही. काय बिघडतं ते सांगतो.

निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन साधारणपणे सोसतं. ही मर्यादा एकट्या कॅफीनची आहे. उत्तेजक औषध पोटात असताना त्यातल्या अर्ध्यानेही धडधड, हातांना थरथर आणि भीतीचा झटका येऊ शकतो. सर्दीवरच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं, तेही रक्तदाब वाढवणारंच. त्यामुळे सर्दी, कॉफी आणि गोळी हा परीक्षाकाळातला नेहमीचा तिहेरी मेळ फार वाईट.

दारूचा धोका वेगळा. उत्तेजकामुळे झिंग जाणवत नाही, म्हणून माणूस पीत राहतो, पण रक्तातली दारू कमी झालेली नसते. गोळी आधी उतरते आणि दारू मागे उरते. तोवर एखादा गाडी चालवायलाही निघालेला असतो. शिवाय मेथिलफेनिडेट आणि दारू यांच्या संयोगातून यकृतात एथिलफेनिडेट नावाचं आणखी एक उत्तेजक तयार होतं.

सर्वांत कमी बोललं जातं ते नैराश्यावरच्या औषधांबद्दल. एमएओ इनहिबिटर गटातलं औषध चालू असेल, किंवा बंद करून 14 दिवस झाले नसतील, तर उत्तेजक गोळीने रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. लिनेझोलिड या प्रतिजैविकातही हाच गुण आहे. फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन ही अँफेटामीनचा निचरा मंदावतात आणि सेरोटोनिन जास्त झाल्याची लक्षणं दिसू शकतात : दरदरून घाम, स्नायूंना झटके, पायांची आपोआप थडथड, गोंधळ. ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक आणि ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध यांच्यासोबत आकडीची शक्यता वाढते. मैत्रीण कुठली औषधं घेते हे गोळी देणाऱ्याला माहीत नसतं. पुष्कळदा तिला स्वतःलाही आपल्या औषधाचं मूळ नाव माहीत नसतं.

प्रश्न : होस्टेलमध्ये कुणी जास्त गोळ्या घेतल्या आणि त्याला त्रास होऊ लागला तर आम्ही काय करायचं? वॉर्डनला कळेल म्हणून सगळे गप्प बसतात.

उत्तर : गप्प बसण्यात गेलेला तासच सर्वांत महाग पडतो. पुढच्यापैकी एक जरी खूण दिसली तरी रुग्णवाहिका बोलवा : छातीत दुखणं, श्वास लागणं, घेरी येऊन पडणं, आकडी, असह्य डोकेदुखी, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, ओळख-वेळ यांचा गोंधळ, किंवा चटका बसावा इतकं तापलेलं अंग.

यातल्या तापलेल्या अंगाकडे नीट बघा. उत्तेजकामुळे शरीर उष्णता जास्त निर्माण करतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसल्याने ती बाहेर पडत नाही आणि दमल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही. सायकलपटू टॉम सिम्प्सन 13 जुलै 1967 रोजी फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर भर उन्हात कोसळून गेला, तेव्हा त्याच्या शरीरात अँफेटामीन आणि दारू दोन्ही सापडलं. कोंदट हॉलमध्ये तीन तास नाचणाऱ्याच्या शरीरात हेच घडतं. ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेला की मिनिटं मोजायची. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप संसर्गाचा नाही, त्यावर ते चालत नाही. कपडे सैल करा किंवा काढा, अंगावर पाणी शिंपडून पंख्याचा वारा घाला, बर्फ कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शॉवरखाली उभं करू नका, गोंधळलेला माणूस घसरून डोकं फोडून घेतो.

तो आरडाओरडा करत असेल तर चौघांनी मिळून दाबून धरायचं नाही. धडपडीने उष्णता वाढते आणि स्नायू तुटू लागतात; नंतर गडद तपकिरी लघवी होते ती त्याचीच खूण, आणि त्यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दिवे मंद करा, गर्दी हटवा, एकानेच हळू आवाजात बोला. आकडी आली तर आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. उलटी काढायला लावू नका. धडधड थांबावी म्हणून कुणाची रक्तदाबाची गोळी देण्याची कल्पना हमखास निघते. ती मुळीच अमलात आणू नका, काही गोळ्यांनी या अवस्थेत रक्तदाब उलट आणखी चढतो. रुग्णालयात आधी शांत करणारी बेंझोडायझेपिन गटातली औषधं देतात आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच नाडी, ताप आणि आकडी आटोक्यात येतात.

डॉक्टरांना गोळीचं नाव, मिलिग्रॅम, किती घेतल्या, किती वाजता आणि सोबत काय, एवढं सांगा. रिकामं पाकीट खिशात घालून न्या.

एक अपवाद आठवणीत ठेवा. गोळी औषधाच्या दुकानातल्या पाकिटातली नसून कुणी सुटी विकलेली असेल, तर तिच्यात काय आहे ते तिच्या रंगावरून सांगता येत नाही. बनावट गोळ्यांत मेथअँफेटामीनही सापडतं आणि फेंटॅनिलही, जे 2 मिलिग्रॅम इतकं थोडंही जीव घेऊ शकतं. उत्तेजकाने बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस खवळतो. याउलट बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळे असं दिसलं तर ते फेंटॅनिलसारख्या अफूसदृश गटाचं लक्षण आहे. नॅलॉक्सोन, म्हणजे या गटावरचा उतारा, जवळ असेल तर लगेच द्या, श्वास नसेल तर कृत्रिम श्वास सुरू करा. उत्तेजकावर नॅलॉक्सोनचा उपयोग नाही, पण चुकून दिलं तर अपायही नाही.

प्रश्न : मैत्रिणीची गोळी घेतल्यावर माझं लक्ष पहिल्यांदाच नीट लागलं. म्हणजे मलाही एडीएचडी आहे ना?

उत्तर : गोळीवरून ते ठरत नाही. 1978 साली अमेरिकेत असा कोणताही विकार नसलेल्या लहान मुलांना डेक्स्ट्रोअँफेटामीन देऊन पाहिलं गेलं. तीही कमी चुळबुळ करू लागली आणि त्यांचंही लक्ष सुधारलं. औषध लागू पडलं म्हणून विकार आहे, हा तर्क तेव्हाच निकाली निघाला.

निदानाच्या सध्याच्या निकषांनुसार 17 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीत लक्ष न टिकण्याची किंवा अतिचंचलतेची किमान 5 लक्षणं निदान 6 महिने असावी लागतात. ती घरात आणि कॉलेजात अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसावीत आणि त्यांतली काही 12 वर्षांच्या आधीपासून असावीत. शेवटची अट निर्णायक असते. शाळेतले जुने शेरे, प्रगतिपुस्तकं, आईवडिलांच्या आठवणी सोबत न्या. शाळेत सगळं ठीक होतं आणि गेल्या वर्षापासून लक्ष लागत नाही असं असेल तर आधी झोप, नैराश्य, चिंता, थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्यावं. आणि उसनी गोळी घेतल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रश्न : मला एडीएचडी आहे, औषधाने आयुष्य रुळावर आलं. पण परीक्षा आली की मागणाऱ्यांची रांग लागते. नाही म्हटलं की स्वार्थी ठरतो.

उत्तर : तुमच्या उपचारावर आमचा काही आक्षेप नाही. सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याची भीती वाढते असं दिसलेलं नाही. अडचण गोळी हातोहात फिरण्याची आहे. अँफेटामीन आणि मेथिलफेनिडेट ही दोन्ही 1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मनोप्रभावी पदार्थांविषयीच्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे पैसे न घेता दिली तरी बहुतेक देशांत तो गुन्हा ठरतो. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटाच्या सर्व औषधांवरचा चौकटीतला इशारा नव्याने लिहायला लावला आणि त्यात गैरवापर, व्यसन, अतिमात्रा व मृत्यू यांचा धोका स्पष्ट मांडला.

पाकीट टेबलावर ठेवू नका, कुलूपबंद डबी घ्या. आठवड्यातून एकदा गोळ्या मोजून आकडा लिहा. महिन्याचा साठा घरी आणि आठवड्यापुरत्याच गोळ्या होस्टेलवर, ही युक्ती बऱ्यापैकी चालते. नकारासाठी सोयीचं कारण हवं असेल तर खरंच सांगा : ‘डॉक्टर मोजतात, कमी पडली तर माझंच औषध बंद होईल.’ तेही जमत नसेल तर आपल्याला आता गोळी लागत नाही असं सांगून टाका. एवढ्या खोट्याला आमची हरकत नाही. तुम्ही दिलेली प्रत्येक गोळी तुमच्याच महिन्यातून वजा होते आणि शेवटचे चार दिवस तुम्ही औषधाशिवाय काढता, हेही विसरू नका.

प्रश्न : सहा महिने आठवड्यातून चार-पाच दिवस घेतोय. आधी एक पुरायची, आता तीन लागतात. गोळी नसली की पुस्तक उघडवत नाही. एकदम बंद केली तर काही होईल का?

उत्तर : दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्यावर आकडी येण्याचा जो धोका असतो, तसा इथे सहसा नसतो. धोका मनाच्या बाजूने येतो. पहिले दोन-तीन दिवस माणूस नुसता झोपतो आणि खातो. त्यानंतर उदासी, चिडचिड, कशातच रस नाही, विचित्र स्पष्ट स्वप्नं. बहुतेकांत हे एक-दोन आठवड्यांत ओसरतं, कंटाळवाणेपण मात्र आणखी रेंगाळतं. या काळात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून एकट्याने, बंद खोलीत सोडू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि एका माणसाला तारीख सांगून ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात सोडायला घेऊ नका, पण ‘परीक्षा झाल्यावर’ म्हणत तारीख मोकळीही ठेवू नका.

सोडल्यावर ‘आपलं डोकं कायमचं गेलं’ असं वाटतं. ते डोपामीनची घडी परत बसेपर्यंतचं मांद्य असतं. पहिल्या पंधरवड्यात 20 मिनिटं वाचन, मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर लिहिणं, एवढाच घास घ्या. उठण्याची वेळ पक्की ठेवा. कॅफीनचा निम्मा भाग निघून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर ते बंद.

प्रश्न : मुलीवर संशय आहे. खात्री कशी करू?

उत्तर : दोन दिवस जाग आणि मग सलग चौदा तास झोप, उतरलेलं वजन, दिव्यातही मोठ्या राहणाऱ्या बाहुल्या, दात खाणं, संध्याकाळी अचानक चढणारा राग. एकेकटं यातलं काहीच पुरावा नाही, परीक्षेत बऱ्याच मुली अशाच दिसतात. खोलीची झडती घेण्याआधी सरळ विचारा : ‘जागं राहायला काही घेतेस का? कुणाची आहे, किती मिलिग्रॅमची?’ दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यातून तुम्ही रागवायला नव्हे, हिशेब समजून घ्यायला बसला आहात हे तिला कळतं.

प्रश्न : मोडॅफिनिल उत्तेजक नाही म्हणतात. मग ते सुरक्षित ना?

उत्तर : सवय लागण्याचा धोका कमी, इतकंच. ते शरीरात रेंगाळतं, निम्मं बाहेर पडायलाच बारा-पंधरा तास. क्वचित त्वचेवर जीवघेणं पुरळ येतं. त्यामुळे पुरळ, तोंडात फोड किंवा ताप दिसला की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणखी एक गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही : या औषधाने संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि बंद केल्यावरही एक महिना कमीच राहतो.

प्रश्न : डॉक्टरांनी औषध बदललं, जुन्या अकरा गोळ्या उरल्या आहेत. फेकून देऊ?

उत्तर : नुसत्या कचऱ्यात टाकू नका, कुणीतरी उचलतं. फार्मासिस्ट परत घेतात का ते आधी विचारा. घेत नसतील तर गोळ्या पाकिटातून काढून, न कुटता, वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि मग कचऱ्यात टाका. पाकिटावरचं तुमचं नाव खरवडून टाका.